जमिनीवर बस, मग बघ

काळूचे तू पाठवलेले फोटो पाहिले. कुत्रा देखणा आहे. फोटोत मात्र त्याच्या जागी एक काळा डाग दिसतो आणि त्या डागात दोन हिरवे दिवे. वर तू विचारतेस, काका, कॅमेरा कोणता घेऊ? अगं, हातातला फोन पुरे. माझा सगळा जन्म स्टुडिओत गेला. पोट माणसांच्या फोटोंवर भरलं, पण बैलजोड्या, शेळ्या, लाडाचे कुत्रे, पिंजऱ्यासकट आलेले लव्हबर्ड हेही गिऱ्हाईक होतंच. माणसाला ‘जरा हसा’ म्हणता येतं. आपला फोटो निघतोय हे जनावराला कळत नाही. समोरचा माणूस घाईत आहे, वैतागलाय की निवांत आहे, एवढं मात्र त्याला तिथल्या तिथे कळतं. म्हणून खाली जे सांगतोय त्यातलं निम्मं उजेडाचं आणि कॅमेऱ्याचं आहे, निम्मं तुझ्या वागण्याचं. ते दुसरं निम्मं आधी पाठ कर.

१. आधी खोडी लिहून काढ

फोन बाजूला ठेव आणि कागद घे. काळू आंघोळीनंतर कुठे लोळतो? दाराची बेल वाजली की कोणता कान आधी उभा राहतो? झोपताना मागचे पाय कसे टाकतो? आईच्या हातात पोळीचा डबा दिसला की कुठे येऊन बसतो? हे सगळं वेळेसकट लिही: सकाळी साडेसातला गॅलरीचं दार, दुपारी पलंगाखाली, संध्याकाळी जिन्याची तिसरी पायरी.

काळ्या कुत्र्याचे फोटो जगात हवे तेवढे आहेत, तुला काळूचा हवाय. तो या यादीतच सापडेल. आणखी एक फायदा म्हणजे तुला त्याच्यामागे पळावं लागत नाही. तो यायच्या आधी तू तिथे जाऊन बसलेली असतेस, उजेड बघून ठेवलेला असतो, मागची केरसुणी आणि चपला उचललेल्या असतात. फोटोत जे नको ते आधीच उचलायचं. कुत्रा येऊन बसल्यावर चपला उचलायला उठलीस की तोही उठणार.

२. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या उंचीवर

तुझ्या सगळ्या फोटोंत काळू मान वर करून बघतोय, कारण तू उभी आहेस. वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं येतं, पाय आखूड होतात आणि मागे दिसते ती फक्त फरशी. खाली बस. तेवढ्यानं भागलं नाही तर पोटावर झोप. भिंग त्याच्या डोळ्याच्या रेषेत आलं की मागची फरशी जाते, लांबची भिंत किंवा झाडी येते आणि ती आपोआप पुसट होते.

एलियट एर्विट नावाचा मोठा छायाचित्रकार होऊन गेला. १९७४ साली न्यू यॉर्कमध्ये काढलेला त्याचा एक फोटो जगभर गाजला. त्यात टोपी घातलेला एवढासा चिवावा आहे, त्याच्या शेजारी बाईचे बूट आणि त्यांच्याही शेजारी एका भल्यामोठ्या कुत्र्याचे नुसते पाय. कॅमेरा त्या पिटुकल्याच्या उंचीवर नेला म्हणूनच ही गंमत दिसली. उभ्यानं काढला असता तर तो रस्त्यावरच्या बाईचा साधा फोटो झाला असता.

तू खाली बसलीस की काळू तोंड चाटायला येणार. येऊ दे. त्याच्याकडे टक लावून बघू नकोस, रोखलेली नजर कुत्र्याला दरडावणीची वाटते, आणि भिंगही त्याला तसल्याच डोळ्यासारखं दिसतं. जरा तिरकी बस. फोन हातात धर, वर कर, खाली ठेव, मधूनच पाठ खाजव. फोन वर गेला तरी विशेष काही घडत नाही हे त्याला पटलं की तो आपल्या उद्योगाला लागेल. तुझं काम तिथून सुरू होतं.

३. दिवे बंद, खिडकी उघडी

घरातली सगळ्यात चांगली बत्ती म्हणजे खिडकी, आणि ती फुकट आहे. कुत्र्याचं तोंड खिडकीकडे आणि तुझी पाठ खिडकीकडे, पण थोडी बाजूला सरकून, म्हणजे तुझी सावली त्याच्यावर पडणार नाही. डोळ्यात खिडकीचा पांढरा ठिपका उमटला पाहिजे. स्टुडिओत आम्ही आधी तोच बघायचो. ठिपका नसेल तर डोळा मेल्यासारखा दिसतो, मग बाकी कितीही सजवा.

खिडकीत कडक ऊन असेल तर ग्रिलच्या सावल्या अंगावर पट्ट्यांसारख्या पडतात. ग्रिलवर पांढरा पंचा किंवा जुनी पांढरी साडी टाक, उजेड मऊ होतो. सावलीच्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा किंवा चादर उभी केली की काळोखातली बाजूही उजळते. ट्यूब मात्र बंद कर. खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि ट्यूबचा दुसऱ्या, त्यामुळे कुत्र्याची अर्धी बाजू निळसर आणि अर्धी पिवळसर येते. शिवाय आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण वेगानं काढलेल्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात.

बाहेर जायचं तर सकाळी ऊन कोवळं असताना, नाहीतर संध्याकाळी. उन्हाळ्यात दुपारी तो विचारच नको. उजेड डोक्यावरून येतो, डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात आणि तापलेल्या डांबरावर त्याचे पाय भाजतात. पावसाळ्यातली उघडीप मात्र सोडू नकोस. अख्खं आभाळ ढगांनी भरलेलं असतं आणि उजेड चारी बाजूंनी सारखा येतो. असा उजेड मिळावा म्हणून आम्ही स्टुडिओत छत्र्या आणि पडदे लावायचो.

आणि ते हिरवे दिवे? ती फ्लॅशची करामत. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे एक चकचकीत थर असतो. आत आलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणून त्यांना अंधुक उजेडातही दिसतं. समोरून फ्लॅश मारला की तोच उजेड थेट तुझ्या भिंगात परत येतो. निळ्या डोळ्यांच्या मांजरांत तो बरेचदा लाल दिसतो. उपाय साधा आहे: फ्लॅश कायमचा बंद. त्यांच्या डोळ्यांनाही तो बोचतो.

४. काळ्याला खाली ओढ, पांढऱ्याला वर

हा मंत्र खास काळूसाठी आहे, नीट वाच. कॅमेऱ्याला रंग कळत नाही, उजेडाचं प्रमाण कळतं, आणि समोरचं जग सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं असतं असं तो धरून चालतो. फोटोची चौकट काळूनं भरून गेली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि काळू राखाडी होतो. पांढऱ्या पॉमेरेनियननं चौकट भरली की उलट होतं. कॅमेऱ्याला उजेड फार वाटतो, तो कमी करतो आणि कुत्रा मळका दिसतो.

म्हणून स्क्रीनवर त्याच्या अंगावर बोट टेकव. बहुतेक फोनांत सूर्याचं छोटं चिन्ह येतं. चौकटभर काळू असेल तर ते किंचित खाली ओढ, सावलीत चौकटभर पांढरा कुत्रा असेल तर किंचित वर. उन्हात पांढरा कुत्रा मात्र जपून, कारण जास्त वर ओढलंस तर केसांचा पोत जळून नुसता पांढरा कागद राहतो.

तुझ्या फोटोतली अडचण वेगळी आहे. तिथे काळू छोटा आहे आणि मागे चुन्याची लख्ख भिंत. कॅमेऱ्यानं भिंतीचा उजेड मोजला आणि कुत्रा बुडाला. इथे चिन्ह ओढत बसू नकोस, कुत्र्याची जागा बदल. मागे कुंड्यांची गर्द हिरवळ, विटांची भिंत किंवा तपकिरी दार येऊ दे. समोरचा सपाट उजेड काळ्या अंगाला मानवत नाही, तिरका मानवतो. बाजूनं उजेड आला की केसांवर चमक उमटते, आणि त्या चमकेमुळेच काळ्या जनावराचा खांदा कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते ते कळतं. त्याआधी ओलसर फडक्यानं अंग पुसून घे. काळ्यावरची धूळ आणि डोळ्याच्या कोपऱ्यातली चिपडं फोटोत दुप्पट दिसतात.

५. फोकस डोळ्यावर, आणि जरा लांबून

कुत्र्याचं नाक पुढे असतं, म्हणून कॅमेरा नाक पकडतो आणि डोळे पुसट येतात. बोट डोळ्यावर टेकव, तेही जवळच्या डोळ्यावर. २०१९ मध्ये सोनीनं आपल्या काही कॅमेऱ्यांत जनावराचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरण्याची सोय आणली, आता ती इतर कंपन्यांतही मिळते. फोनवर मात्र आपलं बोटच विश्वासाचं. मोठा कॅमेरा कधी घेतलास तर भिंग पूर्ण उघडून जवळून काढू नकोस, लांब तोंडाच्या कुत्र्याचा डोळा स्पष्ट येतो आणि नाक विरघळतं. एफ ४ किंवा ५.६ ठेव.

फोन त्याच्या तोंडाशी नेलास की नाक भोपळ्याएवढं येतं. गंमत म्हणून एखादा ठीक. एरवी दोन-चार पावलं मागे सरक आणि दुप्पट झूम वापर, चेहरा खऱ्या मापात येतो. पोर्ट्रेट मोडवर फार भरवसा नको. पार्श्वभूमी पुसण्याच्या नादात तो मिशा आणि कानाचे केसही पुसतो, न्हाव्यानं घाईत मिशी उडवावी तसं. खरी लांबची पार्श्वभूमी मिळाली तर त्याची गरजच पडत नाही.

चेहऱ्याप्रमाणे कोन ठरव. चपट्या तोंडाचा पग समोरून बोलतो. मुधोळ किंवा कारवान जातीचा शिकारी कुत्रा बाजूनं बघावा: लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि कमानदार पाठ समोरून कळतच नाही. मुधोळ ही आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली जात. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात तिला मान मिळाला. असा कुत्रा चारही पायांवर मोकळा उभा असताना टिपायचा, आणि त्याच्या नजरेच्या दिशेला चौकटीत मोकळी जागा ठेवायची.

६. नावानं हाक मारू नकोस

सगळे हेच करतात: फोन रोखतात आणि ‘काळू, काळू’ करतात. नाव ऐकलं की यायचं, हे तूच त्याला शिकवलंस. मग तो येतो आणि फोटोत ओलं नाक उरतं. त्याऐवजी अनोळखी आवाज काढ. जिभेचा टकटकाट, बिस्किटाच्या पुड्याची खसखस, चाव्यांचा हलका खुळखुळाट. कान उभे राहतात, मान तिरकी होते, तोच क्षण. एर्विट तर कुत्र्यांसमोर स्वतः भुंकायचा, भोंगाही वाजवायचा.

पण आवाज जपून खर्च कर. पहिल्यांदा कुत्रा दचकून बघतो, दुसऱ्यांदा नुसतं बघतो, तिसऱ्यांदा ढुंकूनही बघत नाही. म्हणून उजेड, फोकस, चौकट सगळं तयार झाल्यावरच आवाज. आणि तो हळू असू दे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीपलीकडचा, मांजराला तिपटीपलीकडचा. ओरडायची गरज नसते.

कोणीतरी मदतीला घे. तुझ्या डोक्याच्या अगदी वर त्या माणसानं खाऊ धरला की नजर भिंगाजवळ येते. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा किंवा पोळीचा कुटका. फार चविष्ट काही दाखवलंस तर लाळेच्या तारा सुटतात. खेळणं घेशील तर निळं किंवा पिवळं घे. कुत्र्याला हे दोन रंग चांगले कळतात, लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. हिरवळीवरचा लाल चेंडू तुला उठून दिसतो, तो बिचारा वासावर शोधत असतो.

७. पळताना: तो येईल तिथे थांब

घोडा चौखूर धावताना त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, यावर लोक वाद घालत. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिजनं ओळीनं कॅमेरे मांडून फोटो काढले तेव्हा ते सिद्ध झालं. माणसाच्या डोळ्याला इतकं वेगानं दिसत नाही, मग बोटाला कुठून जमणार? डोळ्यानं क्षण बघून मग बटण दाबलंस तर तो गेलेला असतो. म्हणून आधीच दाबायला लाग आणि सलग फोटो निघू देत. आमच्या रोलमध्ये ३६ फोटो असायचे, बोट आखडतं घ्यावं लागायचं. तुला ती अडचण नाही.

कुत्र्याला मैदानाच्या एका टोकाला कोणाकडे तरी धरून ठेवायला दे. तू दुसऱ्या टोकाला पोटावर झोप आणि मग हाक मार. इथे नाव चालेल, कारण इथे त्यानं यायलाच हवं आहे. तो सरळ तुझ्याकडे येतो, कान मागे, जीभ बाहेर. हातात कॅमेरा असेल तर धावत्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान, चालत्यासाठी पाचशेवा, बसलेल्यासाठी दोनशेवाही पुरतो. फोन हे स्वतः ठरवतो, पण त्याला भरपूर उजेड लागतो. तिन्हीसांजेला धावता कुत्रा फोनवर फरफटलेलाच येणार. तेव्हा बसलेला काढ.

८. मांजराला बोलावू नकोस

मांजराच्या बाबतीत तू पाहुणी. त्याची दुपारची जागा ठरलेली असते: स्कूटरची सीट, फ्रिजचा माथा, उन्हाचा कवडसा पडतो ती चटई. कवडसा रोज कुठून कुठे सरकतो ते बघ, मांजर त्याच्या मागोमाग सरकतं. तू आधीच तिथे बस. रिकामं खोकं ठेवलंस तरी काम होतं, आत बसून बाहेर डोकावणारं मांजर आपण होऊनच पोझ देतं.

डोळे उघडे हवे असतील तर ऊन टाळ. लख्ख उजेडात बाहुलीची उभी चीर होते, अंधारात ती गोल काळी होते. खिडकीच्या आतल्या मध्यम उजेडात डोळ्याचा रंगही दिसतो आणि नजरही राहते. आणि त्याच्याकडे बघून डोळे सावकाश मिटून सावकाश उघड. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की असं केलं तर मांजरंही डोळे मिटून उत्तर देतात आणि जवळही येतात. जुन्या बायकांना हे अभ्यासाशिवाय माहीत होतं.

मांजरांचे फोटो बघायचे असतील तर वॉल्टर चांदोहाचे बघ. १९४९ च्या हिवाळ्यात न्यू यॉर्कच्या बर्फात त्याला एक पिल्लू सापडलं. ते घरी आणलं, त्याचे फोटो काढले आणि पुढे आयुष्यभर मांजरंच काढत राहिला. उजेड मागून आणायचा, म्हणजे केसांच्या कडेला सोनेरी रेघ उमटते, ही त्याची लाडकी युक्ती. खिडकीच्या चौकटीवर बसलेल्या कुठल्याही मनीवर ती चालते. मात्र चेहऱ्याच्या बाजूला पांढरी चादर धरायला विसरू नकोस.

९. बेंदूर, पोळा आणि गोठा

गावाकडे गेलीस तर गोठ्यात शिर. पोळा श्रावण अमावास्येला, आमच्याकडे बेंदूर त्याआधी आषाढात. दोन्हीकडे पावसाळी उजेड असतो, पांढऱ्या खिलारी बैलाला याहून चांगला उजेड नाही. पण बहुतेक लोक मिरवणूक सुरू झाली की जागे होतात. हलगीच्या दणदणाटात आणि गर्दीत बैल बुजलेला असतो. खरे फोटो सकाळचे. ओढ्यावर अंग चोळताना, शिंगं रंगवताना, शेंब्या बसवताना, झूल टाकताना बैल निवांत असतो आणि मालकाचा हात त्याच्या अंगावर असतो. तो हात चौकटीतून कापू नकोस.

इथे जमिनीवर बसायचं नाही. मोठ्या जनावराच्या पायाशी बसणं धोक्याचं, आणि खालून पोट ढोलासारखं दिसतं. बैलाच्या छातीएवढी उंची धर, जरा तिरकं उभं राहा, पाठीमागून कधीच जाऊ नकोस आणि कासरा मालकाच्या हातात असू दे. खिलारीची शिंगं लांब मागे जाऊन वर वळतात, म्हणून चौकट घेताना शिंगांचं टोक आधी बघ, मग बाकीचं. चारही खूर आत आहेत ना, तेही बघ. सजलेल्या बैलाचा फोटो मालकाला हवाच असतो, तो दे. संध्याकाळी झूल उतरल्यावर एक साधा काढ. भिंतीवर तोच राहतो. वसुबारसेची पूजा सांजवेळी असते, तेव्हा गाय-वासराला अंगणात उजेडाच्या बाजूला उभं करायला सांग आणि दिवस पुरता बुडायच्या आत काढून घे.

१०. काच आणि जाळी

माशांच्या टाकीशी खोलीचे दिवे बंद, टाकीचा दिवा चालू, काच पुसलेली आणि भिंग काचेला सरळ टेकवलेलं. तिरकं धरलंस की तुझंच प्रतिबिंब येतं. पक्ष्याच्या पिंजऱ्याशीही तेच: भिंग जाळीला चिकटव आणि पक्षी मागच्या दांडीवर जाईपर्यंत थांब, जाळी नाहीशी होते. एक मात्र लक्षात ठेव. आपला देशी हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. कोणी हौसेनं त्याचा फोटो काढायला बोलावलं तर आधी हे सांग.

११. तो नको म्हणाला की थांब

झोप नसताना दिलेली जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, कान मागे, शेपूट पायात: याचा अर्थ पुरे. मांजर शेपटी आपटायला लागलं, कान आडवे केले की तेही तेच सांगतंय. अशा फोटोंना लोक ‘किती गोड’ म्हणतात. ज्याला कळतं त्याला त्यात भेदरलेलं जनावर दिसतं. पाच मिनिटं काम, मग खेळ, खाऊ, सुट्टी. उद्या तो आपणहून येईल.

वाढदिवसाला चॉकलेट केकपुढे बसवू नकोस. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा कुत्र्याला विष आहेत. मांजराशेजारी लिलीची फुलं ठेवू नकोस, ती त्याची मूत्रपिंडं निकामी करतात. रंगपंचमीला अंगावर रंग नको, दिवाळीत फुलबाजीशेजारी पोझ नको. गॉगल, फेटा, सदरा यांत तो स्वतः रमत असेल तर एकदा घाल. पंजानं काढू लागला तर काढून टाक. फेट्याचा फोटो काढायचा असेल तर मीच घालतो.

१२. कामाचे फोटो, आणि छापायचे फोटो

दर सहा महिन्यांनी चार साधे फोटो काढून ठेव: दोन्ही बाजूंनी उभा, समोरून चेहरा आणि अंगावरची खूण जवळून. तो हरवला तर तुझ्या कलात्मक फोटोंचा उपयोग नाही, यांचा होईल. लंगडत असेल, खोकत असेल तर व्हिडिओ घे. डॉक्टरांच्या टेबलावर चढला की तो शहाण्यासारखा उभा राहतो आणि दुखणं लपवतो. तुझेही त्याच्यासोबतचे फोटो कोणाला तरी काढायला लाव. घरात जो फोटो काढतो तो अल्बममध्ये कुठेच नसतो.

मग निवड. सलग काढलेल्यांतला एक ठेव, बाकी त्याच रात्री पुस, नाहीतर हजारोंच्या ढिगात तो एकही सापडायचा नाही. मला पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. चार बाय सहा इंची चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साधा फोनही पुरतो. मागे पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिही.

कोणता छापायचा हे फोटोवर किती अंगठे आले त्यावरून ठरवू नकोस. तुझ्या आईला दाखव, त्याला रोज पोळी तीच घालते. ती ‘फोटो छान आलाय’ म्हणाली तर तो फोनमध्येच असू दे. ‘हो, अस्साच बसतो मेला’ म्हणाली, तर तो छाप.